इस्मा, तू लबाडी केलीस

इस्मा, तुला माती देऊन घरी आलो आणि दारात चपला काढताना बघतो तर दोन्ही डाव्या. एक माझी, एक कोणाची तरी. मशिदीच्या पायरीपासून कब्रस्तानापर्यंत आणि तिथून रिक्षा मिळेपर्यंत मी दोन डाव्या चपलांत चाललो आणि मला पत्ता नाही. मेधा म्हणाली, "अहो, पाय दुखले नाहीत?" दुखले असतील. त्या दिवशी नेमकं कुठे काय दुखतंय ते वेगळं काढता येत नव्हतं. पण पुढच्याच क्षणी मला हसू आलं. पनवेलमध्ये त्याच वेळी कोणीतरी दोन उजव्या चपलांकडे बघत बसला असणार, मला शिव्या घालत असणार, आणि तो बहुतेक तुझ्याच नात्यातला. ही गोष्ट सगळ्यात आधी तुला सांगायची म्हणून मी खिशातून फोन काढला. तुझं नावही काढलं. मग फोन परत ठेवला.

तुझं कुवेत, तुझं हार्डवेअरचं दुकान, तुझी पोरं कुठे कुठे असतात, हे सगळं तुझ्या भावांनी पेपरात दिलंय. फोटोही दिलाय, त्यात तू फार सज्जन दिसतोस. मला त्यात भर घालायची नाही. मला आपलं भांडण लिहायचंय. ते अर्धवट राहिलं आणि राहिलं तेव्हा मी हरत होतो, म्हणून जास्त खुपतंय.

भांडण काय, तर माझ्या रेवाने आमच्या नवीन पनवेलच्या घरापासून तुझ्या सुकापूरच्या घरापर्यंत सायकलवर एकटीने जायचं की नाही. जेमतेम दोन किलोमीटर. पोरगी सातवीत. आपण दोघं पन्नाशीला टेकलेले, आणि वर्षभर यावर असे भांडलो की जणू सरहद्दीचा प्रश्न.

सुरुवात माझ्याच तोंडाने झाली. आमच्या सोसायटीच्या गणपतीत मी "आमचं बालपण" या विषयावर वीस मिनिटं बोललो. कोणी विचारलं नव्हतं. कार्यक्रमाला एक माणूस कमी पडत होता आणि मी पडत नव्हतो. तू तिसऱ्या रांगेत पाहुणा म्हणून बसला होतास, प्लास्टिकच्या खुर्चीवर मांडी घालून. मी सांगितलं की सकाळी घरातून बाहेर पडलो की दिवेलागणीलाच परत. भूक लागली तर ज्याचं घर जवळ त्याच्या घरी जेवायचं. तळ्यात पोहायला कोणी शिकवलं नाही, मित्राने ढकललं आणि आम्ही शिकलो. (मित्र म्हणजे तू. आणि मी शिकलो नव्हतो, मला बाहेर काढलं होतं, पण ते जाऊ दे.) चिंचा पाडल्या, गाढी नदी ओलांडली, पायात काटे मोडले, ते एकमेकांनी पिनेने काढले. आई-वडिलांना आमची इयत्ता माहीत होती हेच पुष्कळ. टाळ्या पडल्या. मग मी माझी हुकमी गोष्ट काढली, खाडीची.

ती तुला पाठ आहे, तरी सांगतो, कारण आज ती पहिल्यांदाच खरी सांगणार आहे.

आपणही तेव्हा सातवीतच होतो. बंदराच्या पलीकडे खाडीकाठच्या खाजणात निवटे पकडायला जायचं ठरलं होतं. ओहोटीच्या चिखलात हे मासे डोळे वर काढून उड्या मारतात, हाताने धरता येतात असं तू म्हणायचास. माझ्या मास्तर वडिलांनी मला भरती-ओहोटीचं गणित शिकवलं होतं, तिथीला पाऊणने गुणायचं. त्या दिवशी संकष्टी, म्हणजे तिथीबद्दल शंकाच नाही. चार पाऊण तीन. तीन वाजता. आता तीन वाजता नेमकं काय, तेवढं मी विसरलो होतो. पण मास्तरांच्या मुलाने "आठवत नाही" म्हणायचं नसतं. मी छाती काढून सांगितलं, "तीनला पूर्ण ओहोटी." तीनला पूर्ण भरती असते, इस्मा. ज्याच्या घरात पंचांग खिळ्याला टांगलेलं त्यानेच ही चूक करावी! तुमच्या घरी पंचांग नव्हतं, पण तुझ्या अम्मीला मासळीच्या वासावरून भरती कळायची.

बाराच्या उन्हात आपण चिखलात उतरलो. तू म्हणालास, "विन्या, पाणी वर येतंय."

मी म्हणालो, "जाताना पण असंच दिसतं."

हे वाक्य तू मला पुढे पस्तीस वर्षं ऐकवलंस. माझ्या लग्नात ऐकवलंस, माझा शेअर बाजार बुडाला तेव्हा ऐकवलंस, माझे केस गळायला लागले तेव्हाही ऐकवलंस.

मांडीपर्यंत रुतलो. जितके पाय ओढू तितके आत. पाणी कमरेजवळ आलं. गणपतीतल्या माझ्या गोष्टीत इथे मी डोकं शांत ठेवतो, पोटावर आडवा होतो, तुलाही आडवं व्हायला सांगतो आणि दोघं सरपटत बांधावर येतो. "आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं," असं म्हणून मी थांबलो आणि मायक्रोफोनकडे बघितलं. पुन्हा टाळ्या. पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी डोळे पुसले.

कार्यक्रम संपल्यावर तू मला मंडपाच्या मागे ओढलंस. "हौसाबाई कुठे गेली?"

"वेळ कमी होता रे."

"वेळ? वीस मिनिटं बोललास. आधी सांगायचास तेव्हा बाई होती, फळी होती, डोक्यावर मासळीची पाटी होती. मग पाटी गेली. नंतर फळी तुझ्या हातात आली. आज बाईच नाही. अजून दहा वर्षांनी मी पण नसेन, तू एकटाच खाडीत रुतशील आणि एकटाच निघशील."

खरं होतं. खरं असं की मी रडत होतो, आणि "आई" असं न रडता "मोरया, मोरया" असं रडत होतो, कारण संकष्टीच्या दिवशी मासे मारायला आलो त्याची ही शिक्षा असं मला वाटत होतं. तू माझ्या सदऱ्याचं टोक धरून ठेवलं होतंस, जसा काही त्याचा उपयोग होणार होता. आणि बांधावरून एक आवाज आला, "कुनाची रं पोरां तुमी? मराला आलाव काय?"

हौसाबाईने पाटी खाली ठेवली, मिठागरात पाणी घेतात त्या दाराची फळी उपसली आणि चिखलावर ढकलली. "पोटावर पर! पोटावर! पाय हालवू नको, मुडद्या!" मी पडलो. तिने मला केसाला धरून ओढलं, तुला दंडाला धरून. तुझे केस तेव्हाही बारीक कापलेले होते, त्याचा फायदा तुला झाला. मग मिठागराच्या पाटात आपल्याला धुणं आपटतात तसं आपटून धुतलं आणि एकेक थोबाडीत दिली. माझी जास्त जोरात होती. मोरयाचा धावा ऐकला असणार, कुठल्या देवाचं पोर आहे ते कळलं असणार.

त्या गणपतीच्या रात्रीचं जेवण आटपलं तेव्हा रेवा मला म्हणाली, "बाबा, तू सातवीत खाडीत गेलास. मग मी सातवीत इस्माईलचाचांकडे सायकलवर का नाही जाऊ शकत?"

मी म्हणालो, "तेव्हाचे दिवस वेगळे होते."

"काय वेगळं होतं? खाडी छोटी होती?"

तू तिथेच बसला होतास, मोदक खात. तू एवढा हसलास की मोदक नाकात गेला.

त्यानंतर तू तिच्या बाजूचा वकील झालास. मी रहदारी म्हटलं, तू म्हणालास आतल्या रस्त्याने जाईल. मी माणसं म्हटलं, तू म्हणालास माणसं तर आपण पण आहोत. तुला मी सांगत होतो की मी तिला शाळेच्या व्हॅनपर्यंत सोडतो, क्लासला सोडतो, खाली बॅडमिंटन खेळायला गेली तर गॅलरीत उभा राहतो. हे मी अभिमानाने सांगत होतो. तू विचारलंस, "आणि गणपतीत काय सांगत होतास?" शेवटी मेधाने निकाल दिला. शनिवारी रेवा एकटी जाईल, पोचली की मिस्ड कॉल देईल. मी मान डोलावली. पोरीने मला मिठी मारली. त्या मिठीतच मी ठरवलं की मागून स्कूटरवर जायचं.

आता पुढचं माझ्याच तोंडून ऐक, कारण तू सांगायचास तेव्हा फार मीठमसाला लावायचास.

ओळखू येऊ नये म्हणून मी शेजारच्या कुलकर्ण्यांची स्कूटर घेतली. डोक्यावर हेल्मेट. आपल्या गावात हेल्मेट घालणारा माणूस म्हणजे एकतर बाहेरगावचा किंवा परवान्याची परीक्षा द्यायला निघालेला. वर काळा गॉगल. सायकलच्या वेगाने स्कूटर चालवणं किती कठीण असतं ते मला माहीत नव्हतं. मी दोन्ही पाय जमिनीला टेकवत, बदकासारखा, पोरीच्या पन्नास पावलं मागे. ती थांबली की मी थांबायचो आणि विजेच्या खांबावरची जाहिरात वाचायचो. एका क्लासची जाहिरात मी चार खांबांवर चार वेळा वाचली.

सुकापूरच्या तोंडाशी रेवा वळली आणि भाजीच्या गाड्यामागून एक बाई सरळ माझ्यासमोर आली. हात पुढे केला आणि स्कूटरची चावी काढून कमरेला खोचली.

"काय ओ, त्या पोरीच्या मांगं काय चाललाय तुमचा?"

"अहो, ती माझी मुलगी आहे."

"मंग तोंड कशाला झाकलाय?"

हेल्मेट काढायला गेलो तर पट्टा अडकला. शेजारचा पंक्चरवाला हातात टायर काढायची पहार घेऊन उठला. आणखी दोन बायका आल्या.

"बाप हाय म्हनतो."

"सगलेच बाप म्हनतात. इचार, पोरगी कितवीत हाय?"

"सहावी," मी म्हणालो. "नाही, सातवी. सातवी!"

"बगा! बापाला इयत्ता नाय माहीत."

गणपतीत मी जे कौतुकाने सांगितलं होतं ते असं माझ्याच अंगावर आलं. इथे कोणी ओळखतं का, असं विचारल्यावर मी तुझं नाव सांगितलं. कोणीतरी फोन लावला. तू वीस मिनिटांनी आलास. तीन मिनिटांचं अंतर, वीस मिनिटं! लुंगीवर, हातात चहाचा कप, शेजारी सायकल धरून रेवा. मला नखशिखान्त बघितलंस आणि त्या बाईला म्हणालास, "नाही बुवा, याला कधी पाहिलं नाही."

पंक्चरवाल्याने पहार वर केली तेव्हा कुठे तू हसलास.

सगळे हसले, इस्मा. मीही हसलो. फक्त रेवा नाही हसली. ती माझ्या हेल्मेटकडे बघत होती. घरी आल्यावर तिने एकच वाक्य म्हटलं, "तू हो म्हणाला होतास." मग तीन दिवस बोलली नाही. ते मी सोसलं असतं. पण तीन दिवसांनी ती नेहमीसारखी बोलायला लागली आणि मला बरं वाटलं, आणि महिन्याभराने माझ्या लक्षात आलं की ती आता काही मागत नाही. कुठे जाऊ का, असं विचारतच नाही. शाळा, व्हॅन, क्लास, घर. सायकलच्या सीटवर धूळ. मैत्रिणीचा वाढदिवस असला तर स्वतःच म्हणायची, "नको, तुला सोडायला यावं लागेल." किती समजूतदार मुलगी आहे, असं कुलकर्णी म्हणाले. मला त्यांच्या स्कूटरची हवा सोडावीशी वाटली.

हे मी तुला तुझ्या गॅलरीत सांगितलं. रुखसानाभाभींनी चहा आणून ठेवला होता.

"हौसाबाई त्या दिवशी तिथे कशी काय आली?" तू विचारलंस.

"मासळी विकून घरी चालली असेल."

"भर दुपारी? पाटी भरलेली होती विन्या, आठव. मासळी विकायच्या आधीची पाटी." मग तू सांगितलंस. अम्मी जायच्या आधी काही दिवस तुझ्याशी बोलत बसायची, तेव्हा तिने सांगितलेलं. हौसाबाई रोज सकाळी तुमच्या दारात बसायची. अम्मीने तिला सांगून ठेवलं होतं, माझं पोर आणि त्या मास्तरांचं पोर खाडीकडे येतात. लक्ष ठेव. पण दिसू नको.

"म्हणजे ती आधीपासून बघत होती?"

"उतरलो तेव्हापासून. मिठागराच्या झोपडीमागे बसली होती. तुझं 'जाताना पण असंच दिसतं' तिने पण ऐकलं."

मला राग आला. आता हसशील, पण खरंच राग आला. पस्तीस वर्षं ज्या दुपारच्या जोरावर मी माझं सगळं शौर्य उभं केलं, तिथे एक बाई बसून तमाशा बघत होती. मी म्हणालो, "मग ते कसलं मोकळं बालपण? ती सीआयडी झाली."

"सीआयडी रिपोर्ट देते. अम्मीने घरी आल्यावर काय विचारलं मला? 'निवटे मिळाले का?' बस. आपल्याला वाटत होतं कोणी नाही. ते वाटणं मिळालं ना आपल्याला? तेच तू पोरीला देत नाहीस."

मी म्हणालो, तेव्हा गाव एवढंसं होतं, सगळे सगळ्यांना ओळखायचे. आता सुकापुरात दर महिन्याला नवीन इमारत उभी राहते, शेजारच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं ते कळत नाही. कोण कोणाच्या पोरावर लक्ष ठेवणार?

"ती भाजीवाली तुला ओळखत होती? रेवाला ओळखत होती? तरी चावी काढली ना? लोक बघतात, विन्या. आपण लोकांकडे बघायचं सोडलं."

या मुद्द्यावर मी हरलो. चावी तर माझीच काढली होती. "विचार करतो," असं म्हणून उठलो. तो विचार मी पाच महिने करत होतो. दर रविवारी तू फोनवर विचारायचास, "झाला विचार?" आणि मी म्हणायचो, "चाललाय." आणि मग त्या बुधवारी दुपारी तुझ्या दुकानातून तुझ्या धाकट्या भावाचा फोन आला.

इस्मा, भाभींकडे मी दोनदा गाडीने जाऊन आलो. तिसऱ्यांदा, गेल्या शुक्रवारी, चालत निघालो. कारण काही नाही, लवकर पोचायचं नव्हतं. तुझ्या गॅलरीतली ती दुसरी खुर्ची बघायची नव्हती एवढ्यात. सुकापूरच्या तोंडाशी आलो आणि भाजीच्या गाड्यामागून आवाज आला.

"ओ, तुमीच ना ते हेल्मेटवाले?"

ताराबाई. नाव तेव्हा पहिल्यांदा कळलं. एकदा माझी चावी कमरेला खोचलेल्या बाईचं नाव मी विचारलं नव्हतं. मी होय म्हणालो. तिने स्टूल पुढे सरकवलं, बसायला सांगितलं, आणि तुझं कसं झालं ते विचारलं. तुला ती भाय म्हणते. मी सांगितलं. तिने पदराने तोंड पुसलं आणि मग मध्येच हसली.

"भाय लय हसले तवा. आदल्या दिशी येऊन मला सांगून गेलते."

"काय सांगून?"

"उद्या आमची एक पोर सायकलवर जाल. तिच्या मांगं एक मानूस येल, तोंड झाकून, सूटरवर. त्याला थांबवा. भांडा, काय पन करा, पन पोरीच्या मांगं जाव देव नका." मग पंक्चरवाल्याकडे बोट दाखवून म्हणाली, "ह्याला बी सांगितलाता. पन मारू नका म्हनले. तो आमचाच हाय."

मी त्या स्टुलावर बसून राहिलो, समोर टोमॅटोचा ढीग. म्हणजे ते लोक आपणहून बघत नव्हते. त्यांना तू सांगितलं होतंस. पाच महिने मी ज्या मुद्द्यावर हरलो तो मुद्दाच खोटा. आणि ती वीस मिनिटं! पहार वर होईपर्यंत थांबणं! मला माझ्यापेक्षा जास्त तूच ओळखत होतास हे ठीक, पण मी तोंड झाकून स्कूटरवर येणार हेसुद्धा तुला आधी कळलं होतं. लबाडा. मी मोठ्याने हसलो आणि हसता हसता नाक शिंकरावं लागलं. ताराबाईने कोथिंबिरीवर मारायच्या पाण्याची बाटली पुढे केली.

मी विचारलं, "आणि पोरीचं काय सांगितलं होतं?"

"पोर आता येल-जाल म्हनले. रोज नाय तरी चार दिसांनी येल. जरा नजर असू द्या, पन तिला कलू देव नका." तिने पेल्यात पाणी ओतून दिलं. "आमी बगत व्हतो. पोर काय परत आली नाय."

आपलं भांडण तिथेच संपलं, इस्मा, आणि तू जिंकलास, पण तू मांडलेल्या मुद्द्यावर नाही. लोक बघतात हे अर्धंच. कोणीतरी चालत जाऊन त्यांना सांगावं लागतं, त्यांच्या स्टुलावर बसावं लागतं, ते तू न बोलता करून आलास आणि मला वाटू दिलंस की जग आपोआप असं आहे. यावर तुला चांगलं झापायचं होतं. "झाला विचार?" असं तू विचारलं असतंस तर या वेळी मी सांगितलं असतं. आणि आणखी एक सांगितलं असतं, जे आपल्यात बोलायची पद्धत नव्हती. "तो आमचाच हाय" हे तू माझ्याबद्दल दुसऱ्याला सांगितलंस, मला कधी नाही. मीही तुला कधी काही सांगितलं नाही. सदऱ्याचं टोक धरलं होतंस त्याचा उपयोग झाला होता, एवढं तरी सांगायला हवं होतं.

त्या दिवशी मी तुझ्या घरापर्यंत पोचायला दोन तास लावले. ताराबाईनंतर पंक्चरवाल्याकडे बसलो. त्याचं नाव फिरोज, त्याला पहार वर केल्याची अजून लाज वाटते. मग दळणाची गिरणी, मग मेडिकलवाला. सगळीकडे एकच वाक्य, माझी मुलगी या रस्त्याने येईल-जाईल. तू सांगितलंयस ते धरून चाललो नाही, स्वतः सांगितलं. गिरणीवाल्याने विचारलं, "तुम्ही कोण?" मी म्हणालो, "इस्माईलभाईंचा मित्र." त्याने जात्याचा पट्टा बंद केला आणि उभा राहिला.

रविवारी सकाळी मेधाने सांजा केला होता. मी रेवाला म्हणालो, "भाभींना डबा देऊन येशील?"

तिने पुस्तकातून मान वर केली नाही. "तू नेणार?"

"तू सायकलवर."

आता मान वर झाली. "आणि तू?"

"मी इथेच. बसतो."

ती उठली, आमच्या स्कूटरची चावी खुंटीवरून काढली, खिशात टाकली. मग शेजारी जाऊन कुलकर्णीकाकांना सांगून आली की बाबांनी मागितली तर तुमची द्यायची नाही. मग डबा घेतला, सीट फडक्याने पुसली आणि गेली. मी गॅलरीत उभा राहिलो नाही. मेधाने मला शेंगा सोलायला बसवलं.

दहा वाजता निघालेली पोरगी. सव्वादहाला भाभींचा मिस्ड कॉल, पोचली. साडेअकराला दुसरा, निघाली. पंधरा मिनिटांचा रस्ता. बारा वाजले. मी शेंगांबरोबर सालंही भांड्यात टाकत होतो. साडेबारा झाले. मेधा एकदा माझ्याकडे, एकदा दाराकडे बघून आत गेली. तिलाही आत काही काम नव्हतं. एक वाजायला दहा मिनिटं होती तेव्हा खाली सायकलची घंटा वाजली.

रेवा आत आली. सलवार गुडघ्यापर्यंत ओली, एका चपलेचा पट्टा तुटलेला, केसात वाळकं गवत. ओढणीच्या टोकात काहीतरी बांधलेलं होतं आणि ते ती पाठीमागे धरत होती. चेहरा असा, जसा मी तिचा बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

"कुठे होतीस?" माझ्या तोंडून गेलंच.

"कुठे नाही."

आणि ती सरळ तिच्या खोलीत गेली, दार लावून घेतलं. आत काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज आला, मग एकटीच हसल्याचा.

इस्मा, सुकापूर ते नवीन पनवेल या रस्त्यावर ती सव्वा तास कुठे होती हे ताराबाईला नक्की माहीत आहे. फिरोजला माहीत असेल. गिरणीवाल्यालाही. उद्या सकाळी मी भाजी आणायला तिकडेच जाणार आहे, आता तोच आमचा बाजार. ताराबाई सांगायला तोंड उघडेल, मला माहीत आहे, तिचा स्वभाव कळलाय. तिने उघडलंच तर मी म्हणेन, ताराबाई, भेंडी कोवळी आहे का?